दोन किलो बर्फ

वर्गणी जमली तीनशे चाळीस.
त्यात एक वीसची नोट, दुमडून दुमडून चिंधी झालेली;
ती रात्रभर पवित्र शास्त्राखाली दाबून ठेवली.
सकाळी दुकानदाराने तीच आधी घेतली.

दोनशे सत्तर केकला.
(बिनअंड्याचा करा, म्हणाल्या दोघी आया,
त्याचेच वीस वाढले.)
मेणबत्त्या चाळीस, फुगे तीस.
संपले.
आता सत्तावीस मुलांचं टेबल सजवायचं.

टेबल म्हणजे प्रार्थनामंदिराचं मागचं दार,
बिजागऱ्या काढून दोन बाकांवर आडवं टाकलेलं.
कडी तशीच वर राहिली.
तबीथाने ती हलवून पाहिली:
मॅडम, हे उघडलं तर आपण कुठे जाऊ?

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
माझं अंथरूणच दारापेक्षा हातभर आखूड.
त्या हातभराला केळीची पानं,
घड उतरलेल्या बागेतून धुडकूआप्पांनी दिलेली,
वर एक खांबही:
चकत्या कर याच्या, मेणबत्ती सरळ उभी राहते,
कलंडली तरी ओल्यात विझते.

लाल रंग हवा म्हणून मिरच्यांची माळ ओवली.
बांधली, आणि सोडली.
सत्तावीस मुलं म्हणजे चोपन्न डोळे.
तिथे बोरं मांडली,
ती मांडता मांडताच निम्मी झाली.
चांदण्या कुरकुऱ्यांच्या पाकिटांच्या,
आतली बाजू बाहेर. हाताला अजून मसाल्याचा वास.

राहिला बर्फ.
उखाभाऊ जिनिंगच्या काट्यावर असतो.
त्याने दोन किलो कापूस दिला,
उसना. सोमवारी मोजून परत, म्हणाला,
आणि वहीत माझं नाव लिहिलं.

कापूस मधोमध पसरला,
थोडा चकत्यांभोवती, पण ज्योतीपासून लांब.
थोडा कडीवर.
योना टाचा उंचावून आला:
हाऊ बरफ शे का वं?
शे, म्हटलं.
मग गार काबर नही?

चोपड्याची दुपार. दाराच्या भोकातून ऊन.
बर्फ आम्ही पाहिलेला तो रसवंतीवर,
भुशात निजलेला, पोत्याखाली.
मी म्हटलं, लांबून आलाय ना, वाटेत गारवा गेला.
योनाला पटलं.

गुलीला नाही.
गुली पावरा, नऊ वर्षांची,
आई वेचणीला जाते, सुट्टीत तीही.
ती टेबलाशी उभी राहिली, हात मागे बांधून.
मग एक हात पुढे आला
आणि बर्फातून वाळक्या पानाचा चुरा
निवडू लागला, दोन बोटांनी,
न बघता.
असा घाण दिला तर शेठ भाव पाडतो, म्हणाली.

आज सुट्टी आहे गं, राहू दे,
असं ओठांवर आलं होतं.
तोवर हनोख शेजारी बसला.
मग तबीथा. मग फुगा दातात धरून योना.
केक दोरी न सोडता तसाच डब्यात,
आणि सगळी पार्टी
बर्फ निवडत बसली.
चुरा एका द्रोणात. गुली मध्येच कुणाची मूठ उघडून बघे,
मान हलवी, पुन्हा बसवी.
मीही बसले. मला तिने दोनदा परत पाठवलं.

केक कापला तेव्हा मेणबत्त्या बोटभर उरल्या होत्या.

सोमवारी उखाभाऊने तोलला.
दोन किलो चाळीस ग्रॅम.
काट्यावर टिचकी मारून पुन्हा पाहिलं.
आमच्याकडून गेलेला माल, म्हणाला,
परत येताना वाढत नाही कधी.
हात घातला: केकचे कण, बोरांच्या आठळ्या,
एक चांदणी, खारट वासाची.
पानाचा चुरा म्हणाल तर, नाही.
वरचे चाळीस ग्रॅम कुणाच्या नावावर लिहू, त्याने विचारलं,
आणि माझं उत्तर यायच्या आत वही मिटली.

दार त्याच संध्याकाळी बसवलं होतं आम्ही,
अंधारात, घाईघाईने.
उलटं बसलंय.
कडी आता बाहेरून लागते.